जटलंडचे लोहार आणि वाऱ्याची बाजारपेठ

उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे चरित्र लिहितो, भांडवलदाराचे लिहितो, प्रसंगी सरकारी धोरणाचाही साद्यंत आढावा घेतो. परंतु एखादी अपरिचित वस्तू घडविणारा कारागीर आणि स्वतःच्या गाठचे पैसे मोडून ती विकत घेण्याचे धाडस करणारा पहिला गिऱ्हाईक या दोघांची गाठ कोणी घालून दिली, त्यांच्यातल्या व्यवहाराला पहिला जामीन कोण राहिला, वस्तू बिघडली तेव्हा तक्रार कोणापाशी रुजू झाली, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. वस्तुतः धंद्याचा जन्म होतो तो याच जागी. डेन्मार्क या लहानशा देशात आज एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यापासून निघते, आणि या यशाचे श्रेय सामान्यतः तेथील वाऱ्याला, तेथील सरकाराला किंवा दोनचार बलाढ्य कंपन्यांना देण्यात येते. मला मात्र त्या कथेतील खरा ऐवज पश्चिम जटलंडातील लोहारशाळांत, खेडोपाडीच्या सभांत आणि एका साध्यासुध्या मासिकाच्या कोष्टकांत आढळतो, आणि तोच येथे मांडण्याचा विचार आहे.

जटलंड हा डेन्मार्कचा द्वीपकल्पीय भाग. त्याच्या पश्चिमेला उत्तर समुद्र पसरलेला असून त्या बाजूचा प्रदेश सपाट, रेताड आणि वर्षभर वाऱ्याच्या माऱ्यात असलेला आहे. पर्वत नाहीत, म्हणून धबधबे नाहीत. त्या काळी कोळशाची खाण नव्हती की तेलाची विहीरही नव्हती. अशा देशात १८९१ साली आस्कोव या गावच्या लोकविद्यालयातील एक शिक्षक, पॉल ला कूर, यांनी सरकारी साहाय्याने प्रयोगाची पवनचक्की उभारली आणि तिच्यापासून वीज निर्माण करण्यास आरंभ केला. ला कूर हे मूळचे पदार्थवैज्ञानिक आणि हवामानशास्त्रज्ञ. १८७८ पासून ते आस्कोवला शिकवीत होते. वारा पडला म्हणजे वीज बंद होते, ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन साठविला आणि त्या वायूच्या दिव्यांनी विद्यालय कित्येक वर्षे उजळले. वाऱ्याचा झोत एका नळीतून सोडून पात्यांच्या आकारांची परीक्षा करणाऱ्या जगातील आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

परंतु ला कूर यांचे थोरपण केवळ प्रयोगशाळेतले नव्हे. डेन्मार्कच्या लोकविद्यालयांची परंपरा अशी की, तेथे शेतकऱ्याच्या मुलाला परीक्षेवाचून आणि पदवीवाचून ज्ञान द्यावयाचे, आणि ते ज्ञान घेऊन त्याने आपल्या गावी परत जावयाचे. या परंपरेला अनुसरून ला कूर यांनी १९०३ मध्ये वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याच्या प्रसारार्थ एक संस्था स्थापिली आणि पुढच्याच वर्षापासून ग्रामीण तरुणांना वीजकामाचे शिक्षण देणारे वर्ग चालविले. या वर्गांतून बाहेर पडलेला तरुण आपल्या तालुक्यात जाई, तेथील शेतकऱ्यांना वीजघर कसे उभारावे याचा सल्ला देई, चक्कीची मागणी कारखानदाराकडे नोंदवी, तारा ओढी आणि यंत्र बिघडले तर तेही दुरुस्त करी. एकाच व्यक्तीच्या ठायी दलाल, मिस्त्री आणि शिक्षक या तिन्ही भूमिका एकवटलेल्या असत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, म्हणजे १९१८ च्या सुमारास, डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजसंस्थांपाशी स्वतःची पवनचक्की होती. प्रत्येकीची शक्ती साधारणतः २० ते ३५ किलोवॉट. विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये समजूतदार मध्यस्थ उभा राहिला तर काय साधते, याचा हा पहिला पुरावा.

त्या वर्गात १९०४ साली शिकलेल्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल नावाचा एक सतरा वर्षांचा मुलगा होता. पुढे अनेक वर्षे त्याने वीजकंपनीत नोकरी केली आणि निवृत्तीच्या वयाला पोहोचल्यावर, जेव्हा इतर माणसे निवांतपणाची भाषा बोलू लागतात तेव्हा, आपल्या गुरूचा विषय पुन्हा हाती घेतला. डेन्मार्कच्या दक्षिण टोकाला गेडसर येथे १९५७ साली त्याची २०० किलोवॉटची चक्की चालू झाली. तीन पाती, त्यांचा व्यास २४ मीटर, वाऱ्याकडे तोंड करून फिरणारे चक्र, सरळ वीजजाळ्याशी जोडता येणारे साधे असमकालिक जनित्र, आणि चक्र बेफाम झाल्यास पात्यांची टोके आपोआप वळून वेग आवरणारी योजना: एवढ्या गोष्टी तिच्यात होत्या, आणि पुढे जगभर पसरलेल्या डॅनिश पद्धतीचा सांगाडा तोच राहिला. १९६७ पर्यंत ती फारशा दुरुस्तीवाचून चालली. मग तेल इतके स्वस्त झाले की तिची वीज महाग ठरली, चक्की थांबविण्यात आली, आणि यूल १९६९ मध्ये निवर्तला. आपली रचना पुढे कोणाच्या हाती पडणार आहे, हे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

चक्की थांबल्यावर सहा वर्षांनी परिस्थिती पालटली. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध झाले, तेलाचे भाव भडकले, आणि जवळजवळ सर्व इंधन परदेशातून आणणाऱ्या डेन्मार्कमध्ये रविवारी मोटारी चालविण्यास बंदी घालण्याची पाळी आली. वीजकंपन्यांनी उपाय सुचविला तो अणुशक्तीचा. त्याला विरोध करणारी एक लोकचळवळ १९७४ च्या जानेवारीत संघटित झाली; परंतु नुसता नकार पुरेसा नाही, पर्याय दाखविला पाहिजे, ही जाणीव त्या चळवळीतील विचारी मंडळींना लवकरच झाली आणि १९७५ मध्ये नित्यनूतन ऊर्जेचा पुरस्कार करणारी दुसरी संघटना अस्तित्वात आली. हा वाद पुढे दहा वर्षे चालला, आणि १९८५ साली डॅनिश संसदेने अणुशक्ती आपल्या ऊर्जानियोजनातून वगळली.

पर्याय दाखवावयाचा, पण तो घडवावयाचा कोणी? विद्यापीठातील प्राध्यापकांनी नव्हे, मोठ्या कारखानदारांनीही नव्हे. हेर्निंग शहराजवळ राहणारा क्रिस्टियन रीसागर नावाचा एक सुतार होता. त्याने घराजवळच्या ओढ्यावर आधी एक जलचक्र बसविले होते आणि मग गेडसरच्या नमुन्यावर लाकडी पात्यांची २२ किलोवॉटची पवनचक्की बांधली. मालमोटारीचे जुने भाग, बाजारात मिळणारी साधी विद्युत मोटर, जवळच्या कारखान्यातील दातेरी चक्रांची पेटी, हे सगळे साहित्य त्याने हाताशी होते तेथून जमविले. त्या काळच्या प्रत्येक डॅनिश चक्कीची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. शेतीच्या यंत्रांसाठी, दुधाच्या टाक्यांसाठी, मालमोटारींसाठी जे भाग त्या प्रदेशात आधीपासून बनत आणि विकले जात, त्यांचीच नवी मांडणी करून हे यंत्र उभे राहिले. पुरवठादार नव्याने जन्माला घालावे लागले नाहीत. जे होते त्यांना नवे गिऱ्हाईक मिळवून देण्यात आले.

एक भाग मात्र बाजारात मिळत नव्हता, तो म्हणजे पाते. काचतंतूचे हलके, बळकट, योग्य वळणाचे पाते घडविणे हे लोहाराचे काम नव्हे. पश्चिम जटलंडातच उल्फबोर्गजवळ ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी आणि शेकडो स्वयंसेवकांनी आपल्या श्रमांनी आणि आपल्या पैशांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची एक प्रचंड चक्की बांधली. ती त्या वेळी जगातील सर्वांत मोठी होती आणि आजही उभी आहे. तिथे मिळालेले काचतंतूचे ज्ञान कोणी कुलपात ठेवले नाही. एरिक ग्रोव्ह-निल्सन या तरुणाने १९७७ पासून औकर येथे लहान चक्क्यांसाठी पाती बनविण्यास आरंभ केला, आणि त्याने ठरविले ते असे की, मागेल त्या प्रत्येकाला पाती विकावयाची, मग तो छोटा लोहार असो, हौशी शेतकरी असो की उद्याचा प्रतिस्पर्धी असो. हा निर्णय जितका साधा दिसतो तितकाच दूरगामी ठरला. पाते तयार मिळू लागताच खेड्यातल्या लोहारालाही चक्की बांधता येऊ लागली. बुरूज आणि सांगाडा त्याचा, दातेरी पेटी आणि जनित्र बाजारातले, पाती औकरची.

उत्तर-पश्चिम जटलंडातील थ्यू भागात प्रेबेन मेगॉर्ड यांनी याच विचाराला संघटित रूप दिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहारांच्या व्यावसायिक संघटनेशी मसलत करून, कोणत्याही साधारण लोहारशाळेत बांधता येईल अशा चक्कीचे नकाशे तयार केले आणि ते गुप्त न राखता कारागिरांच्या हाती दिले. १९८३ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या लोककेंद्राचे धोरणही हेच राहिले: रचना केंद्राने करावी, भाग परिसरातील कारखान्यांनी पुरवावेत, जोडणी लोहाराने करावी आणि यंत्र गावातल्या माणसाने विकत घ्यावे. सनदा आणि पेटंटे यांच्या बळावर धंदा वाढतो हे मत सर्वत्र रूढ असताना, ज्ञान मोकळे ठेवूनही धंदा वाढतो, किंबहुना आरंभीच्या काळात तसाच तो अधिक वेगाने वाढतो, हे या माणसाने प्रत्यक्ष करून दाखविले. त्याच्या नावाची दखल महाराष्ट्रात फारशी घेतली गेली नाही याचे मला वाईट वाटते.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. चक्की विकत घेणारा शेतकरी किंवा शाळामास्तर कोणत्या भरवशावर आपली पुंजी गुंतवीत होता? विकणाऱ्याला स्वतःलाच यंत्राचे पुरते ज्ञान नव्हते. कारखान्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. हमीपत्र दिले तरी ते देणारा उद्या दिवाळखोर निघाला तर त्या कागदाचे मोल शून्य. या अडचणीतून मार्ग निघाला तो सभांच्या रूपाने. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षातून काही वेळा वारासंमेलने भरू लागली. चक्की बांधणारे, विकत घेतलेले, विकत घेण्याच्या विचारात असलेले, अभियंते, चळवळीतले कार्यकर्ते असे सगळे शनिवार-रविवारी एका ठिकाणी जमत आणि आपापले अनुभव मांडीत. कोणाचे पाते तडकले, कोणाचा रोधक तापला, कोणाच्या चक्कीने वादळात काय केले, हे सर्वांसमक्ष सांगितले जाई; आणि ज्याने ती चक्की विकलेली असे तो बहुधा त्याच खोलीत बसलेला असे. तेथे त्याला उत्तर द्यावे लागे. ज्या बाजारात विक्रेत्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या घोळक्यात बसून आपल्या मालाचे दोष ऐकावे लागतात, त्या बाजारात माल सुधारल्यावाचून राहत नाही.

१९७८ मध्ये चक्कीमालकांनी आपला संघ स्थापिला. नैसर्गिक ऊर्जा या अर्थाच्या नावाचे त्यांचे मासिक निघू लागले. टॉर्ग्नी म्यॉलर हे पत्रकार त्याचे संपादक होते. या मासिकात दर महिन्याला एक कोष्टक छापले जाई. त्यात कोणत्या गावी, कोणत्या बनावटीची, किती व्यासाची चक्की आहे आणि गेल्या महिन्यात तिने किती युनिट वीज दिली, याची नोंद असे. आकडे कारखानदाराने दिलेले नसत. चक्कीच्या मालकांनी आपापल्या मीटरवरून वाचून कळविलेले असत. कोणते यंत्र कोठे बिघडले आणि किती दिवस बंद राहिले, याचाही मजकूर त्यात येई. नव्या गिऱ्हाइकाने जाहिरातपत्रिका बाजूला ठेवावी, ही कोष्टके समोर घ्यावीत, आपल्या गावासारखाच वारा असलेले गाव शोधावे आणि तेथे कोणती चक्की चांगली चालते ते पाहावे, मग त्या मालकाला दूरध्वनी करावा किंवा सरळ त्याच्या घरी जाऊन बसावे, असा रिवाज पडला. औद्योगिक इतिहासातील थोर दस्तऐवज म्हणून मी या कोष्टकांकडे पाहतो. जमाखर्चाची कोरडी पाने वाटावीत अशा त्या पानांनी वाईट यंत्रे बाजारातून हद्दपार केली आणि चांगल्या यंत्रांना जाहिरातीवाचून गिऱ्हाइके मिळवून दिली.

या संघाने केवळ आकडे छापले असे नाही. त्या आरंभीच्या वर्षांत काही चक्क्या वादळात बेफाम फिरल्या आणि त्यांची पाती मोडून पडली. वीजजाळ्याचा संबंध तुटला की चक्रावरचा भार नाहीसा होतो, वेग क्षणोक्षणी वाढत जातो, आणि त्याला आवरणारा एकच रोधक असून तोही निकामी झाला तर पुढचा अनर्थ अटळ असतो. गेडसरच्या चक्कीला पात्यांच्या टोकांशी वळणारे रोधक होते, हे यूलचे शहाणपण आता सर्वांना आठवले. ग्रोव्ह-निल्सनने आपल्या पात्यांना तशीच योजना बसविली, आणि मालकांच्या संघाने आग्रह धरला की परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन रोधकव्यवस्था असल्याखेरीज कोणीही चक्की विकत घेऊ नये. ग्राहकांची ही एकजुटीची मागणी हळूहळू नियम बनली.

तिला नियमाचे बळ मिळाले ते रीसो येथील तपासणीमुळे. रोस्किल्डजवळच्या या राष्ट्रीय प्रयोगशाळेची स्थापना नील्स बोर यांच्या पुढाकाराने अणुसंशोधनासाठी झाली होती. तेथेच १९७८ मध्ये लहान पवनचक्क्यांचे तपासणीकेंद्र निघाले. पुढच्या वर्षी सरकारने चक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान देण्याचा कायदा केला आणि त्याबरोबर अट घातली की, रीसोने तपासून दाखला दिलेल्या बनावटीलाच हे अनुदान मिळेल. पैसा कारखानदाराला न देता गिऱ्हाइकाला देण्यात आला, यात मोठे मर्म आहे. कारखानदाराला गिऱ्हाइकाची मर्जी संपादन करणे भाग राहिले, आणि गिऱ्हाइकाला शास्त्रज्ञाच्या दाखल्याचा आधार मिळाला. रीसोचे तरुण अभियंतेही हुकूम सोडणारे तपासनीस बनून वागले नाहीत. लोहाराने आणलेल्या चक्कीत उणीव आढळली तर ती त्याला समजावून देणे, हिशेबाच्या सोप्या रीती शिकविणे, पुन्हा दुरुस्त करून आण असे सांगणे, अशा पद्धतीने त्यांनी काम केले. अनुदान पायरीपायरीने कमी करीत १९८९ मध्ये बंद करण्यात आले. तोवर धंदा आपल्या पायांवर उभा राहिला होता.

ज्या कारखान्यांनी हा धंदा पुढे वाढविला त्यांचे पूर्वचरित्र पाहिले म्हणजे स्थानिक कसबाचे मोल कळते. लेम गावच्या एका लोहारशाळेतून १८९८ साली सुरू झालेल्या घराण्याने आधी पोलादी खिडक्या केल्या, १९४५ मध्ये व्हेस्टास ही कंपनी काढून घरगुती यंत्रे, दुधाचे शीतक आणि मालमोटारींवरचे हायड्रॉलिक क्रेन बनविले. १९७९ मध्ये त्यांनी हेरबोर्गचा लोहार कार्ल एरिक यॉर्गेनसेन आणि त्याचा तरुण सहकारी हेनरिक स्टीसडाल यांच्या तीन पात्यांच्या चक्कीचा परवाना घेतला. ब्रांडे गावचा बोनस हा कारखाना शेताला पाणी देण्याच्या तुषारयंत्रांच्या धंद्यातून निघाला. नॉर्डटँक मालमोटारींच्या टाक्या बनवीत असे. पोलादी पत्रा गोल वळवून जोडण्याचे त्यांचे कसब चक्कीच्या नळीसारख्या बुरुजाला नेमके उपयोगी पडले. लुंडरस्कोव येथे १९४० मध्ये लाकडी सामानाचा कारखाना निघाला होता. त्याने पुढे काचतंतूच्या होड्या केल्या आणि १९७८ पासून पाती बनविण्यास आरंभ करून जगातील एक अग्रगण्य पातेनिर्माता म्हणून लौकिक मिळविला. खिडक्या, टाक्या, तुषारयंत्रे, होड्या यांचे कसब एकाच यंत्रात असे येऊन मिळाले.

याच काळात मोठ्या राष्ट्रांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अंतराळसंशोधनाच्या संस्थेने विमाननिर्मात्यांकडून अजस्र चक्क्या बांधवून घेतल्या. जर्मनीत १९८३ मध्ये ग्रोवियान ही ३ मेगावॉटची, १०० मीटर व्यासाची चक्की उभी राहिली. तिच्या सांध्यांना तडे गेले, ती एकंदरीत अवघे काही शे तास चालली आणि दशक संपण्यापूर्वी मोडून टाकण्यात आली. त्या यंत्रांमागे विद्वत्ता होती, द्रव्य होते. परंतु चक्की वापरणारा, तिच्या कुरकुरीने रात्री जागा होणारा, बिघाड झाला तर कारागिराच्या दारात जाऊन उभा राहणारा गिऱ्हाईक नव्हता. ही तुलना करताना मी विद्वत्तेला कमी लेखीत नाही. रीसोच्या विद्वत्तेवाचून डॅनिश लोहारही फार पुढे जाऊ शकले नसते.

गिऱ्हाइकांची संघटना केवळ आकड्यांपुरती नव्हती, मालकीतही होती. एका कुटुंबाला परवडणार नाही अशी चक्की शेजारच्या वीस-तीस कुटुंबांनी भाग घेऊन विकत घ्यावी, ही रीत डॅनिश शेतकऱ्याला अपरिचित नव्हती. १८८२ मध्ये येडिंग येथे पहिली सहकारी दूधशाळा काढल्यापासून त्याच्या हाडीमासी ती खिळलेली होती. अनेक वर्षे नियमही असा होता की, भाग घेणारा माणूस चक्कीच्या परिसरातच राहणारा असला पाहिजे. ज्यांना चक्की दिसते आणि ऐकू येते त्यांचीच ती असावी, हा त्यामागचा न्याय होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक लाखाहून अधिक डॅनिश कुटुंबांची अशा चक्क्यांत मालकी होती. वीजकंपन्यांशी जोडणीचा खर्च आणि विजेचा दर यांवरून तंटे झाले, वाटाघाटी झाल्या, करार झाले. पण एवढी कुटुंबे एका बाजूला असताना त्यांची दाद न लावणे कोणत्याच सरकाराला शक्य नव्हते.

या वैभवाला एक कठोर धडाही मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात करसवलतीच्या आकर्षणाने चक्क्यांची जणू झुंबड उडाली आणि डॅनिश कारखान्यांतून हजारो यंत्रे बोटीवर चढली. तेथला गिऱ्हाईक दूरचा होता. त्याला यंत्राशी कर्तव्य नसून कर वाचविण्याशी होते. वर्ष संपण्यापूर्वी चक्क्या उभ्या राहिल्या की त्याचे काम झाले. संमेलनात येऊन दोष सांगणारा हा माणूस नव्हे. १९८५ च्या अखेरीस ती सवलत संपली, मागणी एकाएकी आटली आणि १९८६ मध्ये व्हेस्टासला घेणेकऱ्यांचे पैसे थांबवावे लागले. कंपनीची पुनर्रचना होऊन पुढील वर्षी ती नव्या रूपाने उभी राहिली. जटलंडातील कित्येक लहान पुरवठादारांना या धक्क्याची झळ लागली. त्यातून जे तगले त्यांच्या मागे घरचे सहकारी गिऱ्हाईक होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. चक्क्या मोठ्या झाल्या, समुद्रात गेल्या. १९९१ मध्ये विंडेबी येथे ११ चक्क्यांचे जगातले पहिले सागरी पवनक्षेत्र उभे राहिले. २००० साली कोपनहेगनच्या बंदरासमोर मिडेलग्रुंडन येथे २० चक्क्या उभारल्या गेल्या आणि त्यांतील निम्म्या एका सहकारी संघाच्या, हजारो नागरिकांच्या मालकीच्या होत्या. साम्सो या सुमारे चार हजार वस्तीच्या बेटाने १९९७ नंतरच्या दहा वर्षांत आपली गरज भागेल इतकी नित्यनूतन ऊर्जा निर्माण केली. तेथे पेंढ्यावर चालणारी उष्णताघरे उभी राहिली, पेंढा बेटावरच्या शेतकऱ्यांनी पुरविला आणि पुष्कळशी नळजोडणी बेटावरच्याच कारागिरांनी केली. परंतु एकंदरीत लोहारांचे दिवस संपले. चक्कीची किंमत इतकी वाढली की शेजाऱ्यांच्या भागभांडवलातून ती घेता येईना. कारखाने एकमेकांत विलीन झाले, बोनस २००४ मध्ये एका जर्मन कंपनीच्या ताब्यात गेला, आणि बाजार मोठ्या मक्तेदारांच्या निविदांचा झाला. गावाच्या माथ्यावर दूरच्या धनिकांच्या चक्क्या दिसू लागल्या तसा डॅनिश खेड्यांतून त्यांना विरोधही होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून २००९ पासून कायद्याने नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के भाग स्थानिक रहिवाशांना देऊ करण्याची अट काही काळ घालण्यात आली. पूर्वी जे रूढीने होत होते ते कायद्याने करवून घ्यावे लागले, यातच पालटलेल्या काळाची खूण आहे.

या कथेचा एक धागा आपल्या किनाऱ्याशी येऊन पोहोचतो. १९८६ मध्ये भारतात पहिली पवनक्षेत्रे उभारली गेली ती गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांवर, आणि तेथे बसविण्यात आलेली ५५ किलोवॉटची यंत्रे व्हेस्टासची होती. लेमच्या लोहारशाळेच्या वंशातली यंत्रे कोकणच्या वाऱ्यात फिरू लागली. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांचे रानच उभे राहिले. त्या चक्क्या पठारापर्यंत घाटवाटेने चढवून नेणारे चालक, त्यांचे पाये ओतणारे गवंडी, सुटे भाग ओतून आणि कातून देणारे आपल्या प्रांतातील कारखानदार, दुरुस्तीसाठी बुरुजावर चढणारे तंत्रज्ञ, जमिनी देणारे शेतकरी, यांची हकीकत मात्र आजवर कोणी सलगपणे लिहिलेली नाही. डेन्मार्कमध्ये मासिकाची जुनी पाने राहिली म्हणून त्या लोहारांचा इतिहास लिहिता आला. महाराष्ट्रात ज्यांनी ही कामे केली त्यांतील पुष्कळजण आज हयात आहेत. त्यांच्यापाशी पावत्या असतील, मागणीपत्रे असतील, मीटरवरचे आकडे टिपून ठेवलेल्या वह्या असतील. त्यांनी ते कागद रद्दीत घालू नयेत, आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी त्यांच्याकडे जाऊन ते सर्व उतरवून घ्यावे, अशी माझी या लेखाच्या वाचकांना कळकळीची विनंती आहे.